माकड, पोळ्याचा बैल आणि हिरवं वांगं : मुलांच्या वाढदिवसाच्या कपकेकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला घरच्या ओट्यावर मी मुलांच्या वाढदिवसाचे कपकेक करते आणि ज्यांना शिकायचंय त्यांना शिकवते. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली. इंटरनेटवर कृती भरपूर मिळतात, पण त्या लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ४४ अंश नसतात. आपल्याकडे असतात. त्यामुळे इथे लिहिलेलं सगळं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हवेत करून पाहिलेलं आहे.

मुलाला टीव्हीवरचंच पात्र हवंय. ते करावं का?

घरच्या घरी, आपल्या लेकरासाठी करत असाल तर खुशाल करा. विकण्यासाठी मात्र मी करत नाही. त्या चित्रांवर कुणाचा तरी हक्क असतो, आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आहे, आणि दुसऱ्याने कष्टाने काढलेलं पात्र विचारल्याशिवाय विकणं मला पटत नाही.

दुसरं कारण कामाचं आहे. टीव्हीवरचं पात्र मुलाने हजार वेळा पाहिलेलं असतं. भुवई जरा वाकडी झाली, निळा रंग थोडा गडद पडला, की ते लगेच म्हणतं, ‘हा तो नाहीच.’ तुमचे तीन तास वाया. माकडाचं तसं नसतं. माकड जाड असो, बारीक असो, एक कान मोठा असो, ते माकडच राहतं. त्याला मुलाच्या आवडीचं नाव दिलं की पात्र तयार.

म्हणून मी आधी मुलाशी बोलते. ‘तुझं माकड कुठे राहतं? त्याला काय आवडतं? त्याला राग कशाचा येतो?’ पाच मिनिटांत मूल टीव्ही विसरतं. एका मुलीचं माकड रावेरच्या केळीच्या बागेत राहायचं आणि त्याला फक्त पिकलेलीच केळी चालायची. बाराच्या बारा कपकेकवर माकडाच्या हातात ठिपके पडलेलं पिवळं केळं काढलं, तेव्हा तिने एकेका पाहुण्याला ती गोष्ट सांगितली.

मग कोणती पात्रं करावीत? खानदेशातलं काही सुचवा ना.

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न आहे.

केळं खाणारं माकड सर्वांत सोपं. वर चॉकलेटी क्रीम, त्यावर फिकट रंगाचा बदामाच्या आकाराचा चेहरा, दोन्ही बाजूंना छोट्या गोल बिस्किटांचे कान. केळं फाँडंटचं (म्हणजे मातीसारखा वळता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचं) किंवा काजूच्या गोळ्याचं करा आणि कोको पाण्यात कालवून टूथपिकच्या टोकाने त्यावर ठिपके द्या.

पोळ्याचा बैल. श्रावणाच्या शेवटी ज्यांचा वाढदिवस येतो त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पांढरं क्रीम गुळगुळीत पसरायचं, नाकपुडीचा भाग गुलाबी, कान खाली पडलेले, शिंगं लांब आणि मागे वळलेली. शिंगांना हिंगुळाची आठवण देणारा लाल रंग लावायचा आणि टोकाला पिवळा ठिपका म्हणून गोंडा. कपाळावरचं बाशिंग रंगीत बडीशेपेने भरायचं. बारा बैल एका ताटात मांडले की पोळा फुटल्यासारखं दिसतं. सत्तर वर्षांचे आजोबाही पुढे येऊन आपला बैल निवडतात.

भरताचं वांगं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. आपलं वांगं हिरवं असतं हे लक्षात ठेवा. पुस्तकातलं जांभळं काढू नका. हिरव्या वांग्याला डोळे, हसू आणि डोक्यावर देठाची टोपी दिली की ते राजासारखं दिसतं. पुण्याहून आलेली मुलं विचारतात, ‘हे काय आहे?’ आणि आपली मुलं मोठ्या अभिमानाने सांगतात.

रेल्वेचं इंजिन. भुसावळच्या घरांतून याची मागणी फार. बापाने, आजोबाने रेल्वेत नोकरी केलेली असते. इंजिनाचा फक्त समोरचा भाग करायचा: दोन दिवे म्हणजे डोळे, खालची जाळी म्हणजे दात. ओळीने बारा कपकेक ठेवले तर पहिलं इंजिन आणि मागे अकरा डबे, डब्यांच्या खिडकीत मुलांची नावं.

घुबड, सातपुड्यातला बिबट्या, शेवयांच्या घरट्यात बसलेली सुगरण हेही छान होतात. घरट्यासाठी बारीक शेवया तुपावर लालसर भाजून, वितळलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून वाटीत आकार द्या. आपल्या घरी शेवया असतातच, आणि कुरकुरीत लागतात म्हणून मुलं आधी घरटंच खातात.

सगळं नीट करूनही चेहरा गोड दिसत नाही. काय चुकतं?

डोळे. बहुतेक वेळा डोळेच.

नवशिके डोळे कपकेकच्या वरच्या भागात आणि एकमेकांना चिकटून काढतात, मग ते पात्र मोठ्या माणसासारखं, कधी तर रागावल्यासारखं दिसतं. डोळे मधल्या रेषेवर किंवा तिच्या किंचित खाली घ्या आणि त्यांच्यात अंतर ठेवा. कपाळ मोठं, डोळे मोठे, नाक-तोंड छोटं आणि जवळजवळ. तान्ह्या बाळाचा चेहरा असाच असतो. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हीच गोष्ट मांडली होती, की बाळासारखी ठेवण दिसली की माणसाला माया येते. आपल्या आयांना ते शिकवायला नको, पण क्रीमवर काढताना विसरायला होतं.

बुबुळात पांढरा ठिपका द्यायला विसरू नका, आणि दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला द्या. त्या ठिपक्याने डोळा जिवंत होतो. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला, जरा वर किंवा बाजूला वळवली की पात्र काहीतरी बघतंय असं वाटतं. हे कागदावर बाराच्या बारा वेळा काढून बघा, मगच क्रीमला हात लावा.

बिनअंड्याच्या कपकेकची खात्रीची कृती सांगा.

माझ्याकडच्या बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्याच असतात. ही दह्याची कृती बारा कपकेकची आहे.

ताजं, आंबट नसलेलं दही २४० ग्रॅम आणि साखर १५० ग्रॅम एकत्र फेटा, साखर पूर्ण विरघळली पाहिजे. त्यात सव्वा टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून खायचा सोडा घालून पाच मिनिटं तसंच ठेवा. बुडबुडे येऊन दही फुगेल. मग १२० मिली वास नसलेलं तेल आणि एक टीस्पून व्हॅनिला. शेवटी १९० ग्रॅम मैदा चिमूटभर मिठासह दोनदा चाळून तीन वेळा थोडा थोडा मिसळा. गुठळ्या गेल्या की हात थांबवा. जास्त फेटलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि कपकेक रबरासारखा होतो.

कागदी कपात दोन तृतीयांशच भरा. ओव्हन आधी तापवून १७० अंशांवर २० ते २२ मिनिटं. काडी कोरडी निघाली की पाच मिनिटांत साच्यातून बाहेर काढून जाळीवर ठेवा. साच्यातच गार केले तर वाफ आत कोंडते आणि कागद सुटतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात दही सकाळचं दुपारी आंबतं. आंबट दह्याचा कपकेक सोड्याशी जोरात उफाळतो आणि मग बसतो. सकाळी लावलेलं दही लागलीच फ्रिजमध्ये ठेवा. अगदी पातळ असेल तर फडक्यात अर्धा तास टांगून मगच वजन करा.

केळ्याचे कपकेक करता येतील का? घरात केळी काळी पडलीत.

केळी काळी पडली म्हणजे कपकेकसाठी तयार झाली. वरच्या कृतीतल्या दह्यापैकी निम्मं, म्हणजे १२० ग्रॅम काढून त्याऐवजी तेवढंच कुस्करलेलं केळं घाला आणि साखर २५ ग्रॅमने कमी करा. चिमूटभर वेलची किंवा जायफळ छान लागतं. केळ्याचा कपकेक जड आणि ओलसर होतो, त्यामुळे तीन-चार मिनिटं जास्त भाजावा लागतो. आतला रंग तपकिरी येतो, तो बिघाड नव्हे. गुळाची पूड वापरली तर आणखी गडद होतो आणि चवही भरते.

गव्हाच्या पिठाचा करायचा तर निम्मा मैदा, निम्मी कणीक घ्या आणि दोन-तीन चमचे दूध वाढवा. पूर्ण कणकेचा मुलं अर्धा टाकतात, हा माझा अनुभव आहे.

वरून टोक येतं आणि चिरतो. चेहरा काढायला सपाट कसा मिळेल?

ओव्हन फार गरम आहे. बाहेरची कड लवकर घट्ट होते आणि मधलं पीठ जागा शोधत वर फुटतं. १६० अंशांवर २४-२५ मिनिटं द्या, माथा जवळजवळ सपाट येतो. आपल्या छोट्या ओटीजीचं, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचं, बटण आणि आतली उष्णता यांचं नेहमी जमतंच असं नाही, म्हणून ओव्हनचा थर्मामीटर एकदाच विकत घ्या. मध्ये खड्डा पडत असेल तर दार लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा कप काठोकाठ भरला, या तिघांपैकी एक कारण असतं.

ओव्हनच नाही. कढईत होतील?

होतात. जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या, तळाशी मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. कागदी कप स्टीलच्या वाट्यांत बसवा, नाहीतर ते पसरतात. कुकरमध्ये कोरडं तापवणं मी टाळते, कुकर खराब होतो. ज्यांना करायचंच असेल त्यांनी शिट्टी आणि रिंग आधी काढून ठेवा.

कढईतल्या कपकेकला वरून रंग येत नाही, पण आपल्याला तर वर क्रीमच लावायचं आहे. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ डब्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लागायची. ओव्हन घरात नव्हते म्हणून कुणाचं अडलं नाही.

भाजताना मध्येच लाईट गेली तर?

दार उघडू नका. पंधरा मिनिटं झालेली असतील तर आतल्या उष्णतेवरच बरेचसे होतात. वीस मिनिटांनी काडी घालून बघा. पहिल्या पाच-सात मिनिटांतच गेली आणि लवकर आली नाही, तर कप उचलून तापलेल्या कढईत टाका. म्हणून पार्टीच्या दिवशी मी कढई मीठ घालून तयारच ठेवते.

मे महिन्यात क्रीम वितळतं. काय करू?

लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालचं घरच त्याहून गरम असतं. तेव्हा नुसत्या लोण्याचं क्रीम करून संध्याकाळपर्यंत उभं राहील अशी आशाच ठेवू नका. मी स्वतः सुरुवातीला एका वाढदिवसाला चोवीस घुबडं दुपारी तीनला मांडून ठेवली होती. पाचला पाहुणे आले तेव्हा सगळ्या घुबडांचे डोळे गालावर उतरले होते. त्या लेकराचा उतरलेला चेहरा मला आजही दिसतो.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी तीन गोष्टी करते. पहिली, क्रीमऐवजी गनाश. कंपाउंड चॉकलेट आणि क्रीम यांचं प्रमाण पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक, गडद चॉकलेटला दोनास एक. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं, ते आपल्या हवेत जास्त तग धरतं. रात्री करून ठेवा, सकाळी लोण्यासारखं पसरतं. दुसरी, पात्राचे बारीक भाग क्रीमचे न करता सुकवलेले करते. डोळे, कान, शिंगं आधीच घट्ट झालेली असली की खालचं थोडं मऊ पडलं तरी चेहरा राहतो. तिसरी, वेळ. उन्हाळ्यातली पार्टी संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि कपकेक केक कापायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.

तयार व्हीप क्रीम वापरणाऱ्यांनी ते फ्रीजरमधून रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवावं, पूर्ण वितळलं तरी थंडगार असतानाच फेटावं, आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवावं. एकदा फेटलेलं क्रीम ओट्यावर अर्धा तास राहिलं की त्यात बुडबुडे पडून जाळी होते.

फाँडंटला भेगा पडतात, आणि कधी चिकट होतो. एकाच घरात दोन्ही कसं?

कूलर! आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की फाँडंटचा गोळा पाच मिनिटं उघडा राहिला तरी त्याला हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून आपण कूलरसमोर बसतो. कूलर तर ओली हवा फेकतो, आणि साखर ओल पिते. मग तोच गोळा बोटाला चिकटतो. कूलर बाजूच्या खोलीत लावा, इकडे फक्त पंखा ठेवा. गोळा कायम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, त्यावर ओलं फडकं, आणि लागेल तेवढाच बाहेर. भेगा पडू लागल्या तर हाताला किंचित डालडा लावून मळा. पाणी लावू नका.

उभे राहणारे भाग, म्हणजे कान, शिंगं, शेपटी, यांच्यासाठी पाव किलो फाँडंटला एक टीस्पून टायलो किंवा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळवणारी) मळून घ्या. उन्हाळ्यात ते एका रात्रीत वाळतात. आषाढ-श्रावणात तीन दिवस लागतात आणि तरीही वाकतात. पावसाळ्यात मी असे भाग आडवे बसतील असेच आखते. फ्रिजमधून काढल्यावर फाँडंटला घाम येतो तो पुसू नका, रंग फिसकटतो. पंख्याखाली आपोआप उडतो.

फाँडंट मुलं काढून टाकतात. दुसरं काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते जास्त चांगलं आहे. काजूकतलीचा गोळा. काजूची बारीक पूड एकतारी पाकात शिजवून, कोमट असतानाच तूप लावून मळलेली. मातीसारखी वळते, खायला तर विचारूच नका. दुसरा पर्याय दूध पावडरचा: कंडेन्स्ड मिल्क, दूध पावडर आणि पिठीसाखर तिन्ही सारख्या वजनाने मळायचं. पेढ्यासारखं लागतं. हा गोळा त्याच दिवशी वापरावा, उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये.

पोळ्याचे बैल मातीचे करणारे हात आपल्याच घरात असतात. एकदा एका आजींना काजूचा गोळा दिला, त्यांनी चिमटीने दोन मिनिटांत वशिंड, गळ्याखालची पोळी, शेपटी सगळं काढलं. मला ते जमायला दोन वर्षं लागली होती.

आमच्याकडे पूर्ण शाकाहार आहे. काय तपासायचं?

मार्शमॅलो, जेलीच्या गोळ्या आणि काही तयार फाँडंटमध्ये जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पाकिटावरची खूण बघाच. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी मांसाहारालाही गोलच असायचा, २०२० च्या नियमांनी त्रिकोण आला. सुट्टे विकत घेतलेले मार्शमॅलो किंवा मणी यांवर खूणच नसते, ते जैन घरांच्या ऑर्डरला मी वापरतच नाही.

रंग घरचे वापरावेत की बाजारातले?

घरचे रंग क्रीमला, बाजारचे फाँडंटला, आणि पिठात शक्यतो कोणताच नाही. बीट भाजल्यावर मातकट होतं, पालक मेंदीच्या रंगाचा होतो. हळदीचं तर फारच गमतीशीर आहे. पिवळा कपकेक व्हावा म्हणून पिठात हळद घातली आणि सोडा जास्त झाला, तर तो लालसर निघतो. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर जे होतं तेच इथे. क्रीममध्ये मात्र आटवलेला बिटाचा रस सुंदर गुलाबी देतो.

बाजारातला रंग घेताना ‘खाण्यायोग्य’ असं छापलेला आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असलेलाच घ्या. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांनाही सहसा एका किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा असते. रांगोळीच्या दुकानातला झळझळीत गुलाबी रंग खाण्यात कधीच घालू नका. तसला गुलाबी रोडामीन-बी असू शकतो, त्याला खाण्यात परवानगी नाही. चमकीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ती खायची असते असं नाही.

गडद काळा हवा असेल तर आधी कोकोने क्रीम तपकिरी करा, मग काळ्याचे दोन थेंब पुरतात. लाल रंग संध्याकाळी फिकट कालवा, रात्रभरात तो आपोआप गडद होतो. चॉकलेटमध्ये पाण्याचा रंग घालू नका, ते दगडासारखं घट्ट होतं. त्यासाठी तेलातले रंग वेगळे मिळतात.

नोझल आणि पायपिंग बॅग नाही. चालेल का?

तुम्हाला मेंदीचा कोन करता येतो ना? मग झालं. जाड स्वच्छ प्लॅस्टिकचा कोन वळा, टोक केसाएवढं कापा. डोळे, मिशा, भुवया यासाठी मला आजही कोनच नोझलपेक्षा जास्त आवडतो. ज्या मुलीचा हात मेंदीवर आणि ठिपक्यांच्या रांगोळीवर बसलेला आहे, तिला माझ्याकडे चेहरे शिकायला एक दुपार लागते.

पुढे मन रमलं तर चार नोझल घ्या. बारीक गोल २ नंबर, पानाची ३५२, गवताची किंवा केसांची २३३, आणि मोठ्या चांदणीची १ एम. एवढ्यात सगळी पात्रं होतात. गवतासाठी हिरव्या रंगात चोळलेला डेसिकेटेड नारळही चालतो. टुटीफ्रुटीची जीभ आणि अर्ध्या चारोळीचे दात करून बघा.

लहान मुलांच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

कृपा करून हा भाग नीट वाचा.

कपकेकमध्ये टूथपिक ठेवू नका, कधीच नाही. कान टेकवायला कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा वापरा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, कडक चंदेरी गोळ्या आणि अख्खे मार्शमॅलो नकोत, घशात अडकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, केकमध्ये घातलेलाही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होऊ शकतं. पहिल्या वाढदिवसाला बाळासाठी साखर, क्रीम काहीच नसलेला एक केळ्याचा कपकेक वेगळा करा. दोन वर्षांपर्यंत वरची साखर टाळा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गोडवा केळ्याचा पुरतो, बाळाला फरक कळत नाही.

काजू, शेंगदाणे, बदाम वापरले असतील तर ताटाजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि बोलावतानाच आयांना विचारा.

काम किती दिवस आधी सुरू करू?

सुकवायचे भाग तीन दिवस आधी, पावसाळ्यात पाच. ते डब्यात फिल्टर पेपरवर, फ्रिजबाहेर ठेवायचे. गनाश आदल्या रात्री. कपकेक आदल्या संध्याकाळी भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात बंद करा. चेहरे त्याच दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी. मी पहाटे साडेचारला उठते. आठनंतर हात गरम होतात आणि काम बिघडतं.

चोपड्याला, शिरपूरला न्यायचे आहेत. रस्त्यात कसे टिकतील?

खाचे असलेला कपकेकचा खोका घ्या. नसेल तर स्टीलच्या उभट डब्यात तळाशी ओला नव्हे तर कोरडा जाड टॉवेल आणि कप एकमेकांना चिकटून. थर्माकोलच्या पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कडेने, कपकेकला न टेकवता. गाडीत असाल तर डिकीत ठेवू नका, पायाशी एसीजवळ ठेवा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर सपाट. एसटीने पाठवायचं तर मी सजावट वेगळ्या डब्यात देते आणि कागदावर क्रम लिहून देते. तिकडे पोचल्यावर डोळे, कान बसवायला दहा मिनिटं लागतात.

मुलांना सोबत घेऊन करता येतील का?

नक्की. चार वर्षांपुढच्या मुलांना डोळे आणि कान चिकटवायला द्या, भट्टीचं आणि गरम चॉकलेटचं काम आपण करायचं. प्रत्येकाला क्रीम लावलेला एक कपकेक आणि एक वाटी सामान. काय करायचं ते सांगू नका. एका छोट्याने माझ्या माकडाला बघून विचारलं होतं, ‘माकडनी शेपटी कोठे शे?’ मी चेहराच काढला होता. त्याने शेवईचा तुकडा घेतला आणि कागदी कपाच्या बाहेरून शेपटी चिकटवली. तेव्हापासून माझ्या सगळ्या माकडांना शेपटी असते.

विकायचे असतील तर काय लागतं? भाव कसा ठरवू?

घरून विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो खोक्यावर छापा. भाव ठरवताना सामान, खोका, गॅस-वीज यांचा हिशेब सगळ्याच जणी करतात, स्वतःच्या तासांचा कुणी करत नाही. एका पोळ्याच्या बैलाला माझी बारा मिनिटं जातात. बारा बैलांना जवळजवळ अडीच तास. ते तास भावात धरा, ओळखीच्या माणसासाठीसुद्धा. आणि अर्धे पैसे आधी घ्या.

उरले तर?

क्रीम लावलेले फ्रिजमध्ये बंद डब्यात दोन दिवस, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून. न सजवलेले फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात. तुटलेले, चेहरा बिघडलेले कुस्करून उरलेल्या गनाशमध्ये मळा आणि लाडू वळा. सुकवलेले डोळे आणि कान मात्र टाकू नका. काचेच्या बरणीत झाकून कोरड्या जागी ठेवले तर पुढच्या वाढदिवसापर्यंत राहतात. माझ्या ओट्यावरच्या बरणीत आत्ता चाळीसेक डोळे आहेत, श्रावणातल्या बैलांसाठी.